कौंडण्यपूरचा मासा कशावर लागला

अमरावतीतल्या हौशी मासेमारांच्या एका मंडळाने मागच्या वर्षी एक पुस्तिका काढली. चकचकीत कागद, रंगीत छायाचित्रे, आणि मधल्या एका पानावर मी. माझ्याविषयी तिथे पाच वाक्ये आहेत. त्यांपैकी चार चुकीची आहेत आणि पाचवे खोटे आहे. चूक आणि खोटे यांत मी फरक करतो. मी इंजिनियर होतो, ही चूक आहे. मी पाटबंधारे खात्यात नदीकाठच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिणारा माणूस होतो आणि त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. माझा जन्म अकोल्याचा, हीही चूक, मी अमरावतीचा. माझे सामान नागपूरहून येई, ही चूक. एका निवृत्त साहेबाने मला हा छंद शिकवला, ही चूक जरा मोठी आहे, पण तीही मी एखादे वेळी सोडून दिली असती. पाचवे वाक्य असे होते: ‘त्यांच्या माश्या दिसायला सुबक असत, कौंडण्यपूरचा त्यांचा गाजलेला महसीर मासा मात्र कणकेच्या गोळीवर लागला होता.’

हे वाक्य सोडून देणे मला शक्य नव्हते. माझ्या हातून चाळीस वर्षे जे घडले ते शोभेचे होते, असा त्याचा अर्थ होतो.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गळाला गांडूळ किंवा कणीक लावून काठावर बसणे ही एक रीत. दुसरीत गळाला खाण्याचे काहीच नसते. दोरा, पीस, लव यांनी गळावरच एक खोटी माशी बांधायची, पाण्यावर उतरणाऱ्या खऱ्या किड्यासारखी, आणि ती माशाच्या पुढ्यात अलगद टाकायची. अशा माशीला वजन नसते, म्हणून वजन दोराला द्यावे लागते. काठीने तो जाड दोर मागे-पुढे हवेत खेळवून मग पाण्यावर अंथरायचा. इंग्रजीत याला फ्लाय फिशिंग म्हणतात. मी माशीची शिकार म्हणतो, कारण माझा निम्माअधिक वेळ माशी बांधण्यातच गेला.

साहेबाची गोष्ट आधी निकालात काढतो. असा एक साहेब होता, हे खरे. त्याच्याकडे विलायती काठी होती आणि ती त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली असे. ती भिंतीवरून उतरलेली मी कधी पाहिली नाही. मी शिकलो ते पट्टी वाचता वाचता. रोज सकाळी आठ वाजता मी पाण्याकडे बघत उभा असे. आकडा वाचायला अर्धे मिनिट लागते. उरलेला वेळ मी माशांकडे बघितला. कुठे वर्तुळ उठते, किडा पडल्यावर कितव्या श्वासाला मासा वर येतो, ऊन चढल्यावर तो कुठल्या सावलीत सरकतो, हे मी तिथे पाहिले. पुढे रद्दीच्या दुकानात मला एक इंग्रजी पुस्तक मिळाले. त्याला पुठ्ठा नव्हता आणि शेवटची पाने नव्हती. शब्दकोश जवळ घेऊन मी ते दोन वर्षे वाचले. हेच माझे गुरू. त्यांत भिंतीवरची काठी कुठेही नाही.

काठी मी वेळूची केली. दोरासाठी मला रेशीम हवे होते आणि ते मला अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शिंप्याकडे मिळाले. मोर्णा नदीच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान आहे. तोही गळ टाकणारा, पण कणीकवाला. कणकेत तो हिंग आणि शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, मिसळतो आणि तिचे प्रमाण आपल्या बायकोलाही सांगत नाही. त्याने दिलेले रेशमी दोरे मी वेणीसारखे विणले, मध्ये जाड आणि टोकाला बारीक, आणि जवसाच्या उकळलेल्या तेलात बुडवून सावलीत वाळवले. तेलाचा एक हात, मग दुसरा, असे सहा हात. प्रत्येक हात वाळायला चार दिवस. घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मी त्या दोराचा सराव करू लागलो तेव्हा लोकांनी मला वेडा ठरवले. शेजाऱ्याच्या शेळीच्या शिंगांत दोर अडकला हे खरे आहे. शेळी आटली ती त्यामुळे, हे मात्र शेजाऱ्याचे म्हणणे आहे.

माझ्या आईला हे पटत नव्हते. तिने मला एकदाच विचारले, “विहारात पंचशील म्हणतं आन् नदीवर जाऊन जीव घेतं. कोन्ती गोष्ट खरी हाय तुही?” मी घरातल्या पक्कडीने सगळ्या गळांचे उलटे काटे दाबून सपाट केले, म्हणजे गळ सहज निघेल, आणि त्या दिवसापासून माझ्या माशीवर लागलेला प्रत्येक मासा मी पाण्यात परत सोडला. माशाला दुखत नसेल असा दावा मी करत नाही. आईनेही तसे म्हणू दिले नसते. पण तिने पुन्हा विचारले नाही, आणि नदीकाठी मात्र तेव्हापासून मी थट्टेचा विषय झालो. धरून सोडायचा तर धरायचा कशाला, हा प्रश्न मला वर्धेच्या दोन्ही काठांवर विचारला गेला आहे.

आता माझी चूक सांगतो. ती मीच सांगितलेली बरी. इतरांनी सांगितली की तिला शेपूट फुटते. पुस्तकातल्या माश्यांची अंगे लोकरीच्या नाहीतर सशाच्या लवेची असत. मी वऱ्हाडचा माणूस. आपल्या शिवारात पांढरे सोने पिकते आणि आपण सशाच्या मागे धावायचे? मी कपाशीच्या बोंडातला कापूस घेतला, पिंजला, रंगवला, आणि त्याच्या माश्या बांधल्या. सुंदर झाल्या. पाण्यावर पडल्या आणि बुडाल्या. कापूस पाणी पितो हे कळायला मला पाण्याशेजारी नोकरी करून तीन वर्षे लागली. कारण मी दोष आधी गळाला दिला, मग दोराला, मग पाण्याला. अभिमानाने माणूस एवढा वेळ आंधळा राहू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

उपाय सापडला तो उशीत. आमच्या उश्या सावरीच्या कापसाच्या होत्या. सावरीचा कापूस पाणी घेत नाही. भिजवायचा म्हटला तरी वर येतो. पत्नीचे म्हणणे असे की धुताना उशी फाटली, कापूस बादलीत तरंगला, आणि तिने मला हाक मारून तो दाखवला. माझे म्हणणे असे की हाक तिने मारली ती उशी फाटली म्हणून. तरंगणे पाहिले ते मी. या मुद्द्यावर आम्ही दोघे अजून आपापल्या जागी आहोत.

सावरीचे अंग, त्यावर गावठी कोंबड्याच्या मानेचे एक पीस, आणि रंग लाल. लाल का, तर कपाशीवर लाल ढेकूण येतो. वेचणीच्या दिवसांत वर्धेच्या काठाला लागून असलेल्या शेतांतून तो वाऱ्यावर पाण्यात पडतो. मंडळातले शहाणे मला सांगतात की त्याला उग्र वास असतो, पक्षी त्याला तोंड लावत नाहीत, मग मासा कसा लावेल. त्यांना मी सांगतो की माशाला हात नाहीत. वस्तू पारखायची तर त्याला ती तोंडातच घ्यावी लागते. नंतर तो थुंकेल, पण माझे काम तोवर झालेले असते.

तर तो मासा. बावीस वर्षे झाली. कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा उठून आठवडा झाला होता. काठावर अजून नारळाच्या शेंड्या आणि पत्रावळी पडलेल्या होत्या. शिंपी आणि मी दोघेच होतो. माझा विणलेला दोर आदल्या दिवशी एका खडकावर घासून तुटला होता, म्हणून मी त्याची जादा काठी मागून घेतली आणि तिच्या दोराला माझी लाल माशी बांधली; वारा पाठीशी होता, म्हणून तेवढ्यावर भागले. तिसऱ्या की चौथ्या फेकीला पाणी फुटले. महसीर. सोन्याच्या मोहरांसारखे खवले, आणि माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत दोन वेळा भरेल एवढी लांबी. वीस मिनिटांनी तो काठाशी आला. मी वाकलो, त्याने शेवटचा हिसका दिला, माशीसकट दोर तुटला आणि तो गेला. सोडणारच होतो, पण माशी गेली हे वाईट झाले. पुरावा तिच्याबरोबर गेला.

शिंप्याचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते. त्या काठीने तो सकाळी कणकेवर मासे धरत होता. दोराच्या टोकाला त्याच्या कणकेचा गोळा चिकटून राहिला होता. मासा आला तो हिंगाच्या वासावर. हे तो बावीस वर्षे सांगत आला आहे, दुकानात माप घेता घेता, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप ठेवून. आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटते, कारण कणीक सगळ्यांना माहीत आहे आणि माझी माशी कोणाला माहीत नाही.

पुस्तिका हातात पडल्यावर मी मंडळाच्या चिटणिसाकडे गेलो. सभ्य मुलगा आहे, बँकेत नोकरीला. त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, “काका, दुसरी आवृत्ती काढून राहिलो आमी. बदल करू. पन तिथं दोघंच होते तुमी. ते कणीक म्हनतात, तुमी माशी म्हनता. त्याइनं सांगतलं तं मी लगेच बदलतो.”

“आणि मी सांगितलेले पुरत नाही?”

“मासा तुमचाच हाय ना काका,” तो म्हणाला. “तुमी तं तुमच्याच बाजूनं बोलसान.”

मला राग आला, पण त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना. दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची एसटी धरली.

शिंपी मशीनवर होता. चष्म्यावरून बघून म्हणाला, “अबे बाबू! जित्ता हाय का तू?”

मी पुस्तिका त्याच्या मशीनवर ठेवली आणि त्या वाक्यावर बोट ठेवले. त्याने ते सावकाश वाचले. “बराबर तं लिवलं हाय. ‘सुबक’ म्हंते तुह्या माश्याइले. अजून काय पायजे तुले? हार घालू का?”

“तू खोटे सांगितलेस.”

“मी जे पायलं ते सांगतलं.”

“तू माशाकडे बघत होतास. माशी तू पाहिलीच नाहीस.”

“मंग तूच सांग,” तो म्हणाला, “जे मी पायलंच नाही त्याची साक्ष काहून देऊ बे? तुह्या घरचं मीठ खाल्लं म्हनून?”

 मी म्हणालो, “मग चल आणि बघ. कौंडण्यपूरला. तीन सकाळी. दोर तू धुवायचा, गळ तू तपासायचा, कणकेला मी शिवणार नाही.”

तो हसला. त्याला दोन दात उरले आहेत. “सत्तरी उलटली ना बे आपली दोघाइची.”

“माझी पंच्याहत्तर झाली.”

“तेच म्हनतो. पान्यात पडला तं तुले काढन कोन?” पण मशीनवरचा झंपर बाजूला ठेवत त्याने विचारले, “कवा निघाचं?”

मार्गशीर्ष लागला होता. शिंपी रेल्वेने बडनेऱ्याला आला, तिथून आम्ही दोघे तिवशाला आणि पुढे ऑटोने कौंडण्यपूरला. देवळाजवळच्या एका धर्मशाळेत खोली घेतली. पहिल्या सकाळी त्याने माझा दोर साबणाने धुतला, राखेने घासला, पुन्हा धुतला आणि नाकाला लावून हुंगला. माझी बोटेसुद्धा हुंगली. मग स्वतः वीस पावले खाली जाऊन कणीक लावून बसला. त्या दिवशी वारा उलटा होता. मला काही मिळाले नाही, त्याला एक रोहू मिळाला. दुपारी तो ताटात वाढून घेताना शिंपी मला म्हणाला, “घे ना. लाजू नको. कणकेवरचा हाय, खायाले चालते.” मी भाजी-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या सकाळी माझ्या माशीवर बोटभर लांबीची चंदेरी मासळी आली. मी ती त्याला दाखवली. “हे तं थुंकीवर बी येते,” तो म्हणाला.

तिसऱ्या सकाळी मी काठी त्याच्या हातात दिली. माझा खांदा दुखायला लागला म्हणून दिली, असे तो आता सांगतो. खांदा दुखत होता, हे मी नाकारत नाही. पण काठी दिली ती विचार करून. मी दहा महसीर धरले असते तरी त्याने दहा कारणे काढली असती, आणि चिटणिसाने मान हलवली असती. त्याच्या हातात लागलेल्या माशाला मात्र तो स्वतः साक्षीदार राहणार होता. म्हणजे मासा माझा राहणार नव्हता, हेही मला दिसत होते. माशी माझी राहिली तर मला तेवढे पुरे होते.

त्याला दोर टाकता येईना. पहिली फेक त्याच्या टोपीत अडकली, दुसरी बाभळीत. “हे काय खेळनं हाय बे? मासा हसून राहिला असन.” मी त्याच्या मनगटाला धरून सांगितले की टाका घालतोस तसे कर, सुई वर नेऊन थांबतोस ना, तसा काठी मागे नेऊन थांब. शिंप्याचे मनगट आहे. तेवढे सांगितल्यावर त्याला कळले. दोर सात-आठ हात गेला, फार नाही, आणि माशी वाकलेल्या बाभळीच्या सावलीत उतरली. पाण्यावर लाल ठिपका तरंगत चालला. तो एकटक बघत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माशीकडे बघत होता.

पाणी फुटले आणि त्याने लगेच हिसका दिला, कणकेवर देतात तसा. माशी मोकळी परत आली.

“आला होता ना बे?” तो ओरडला. “आला होता!”

“हिसका देऊ नकोस. एक, दोन म्हण, आणि मग काठी उचल.”

पाच-सहा फेकी रिकाम्या गेल्या. मग त्याच सावलीत पुन्हा पाणी हलले. तो मोठ्याने म्हणाला, “एक... दोन...” आणि काठी उचलली. काठी वाकली. त्यानंतर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याच्या अर्ध्या शिव्या मला होत्या, अर्ध्या माशाला. मी त्याच्या कमरेला मागून धरून उभा होतो, कारण काठ निसरडा होता. मासा उथळात आला तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. महसीर. जुन्याच्या निम्मा असेल. वरच्या ओठात माझी लाल माशी रुतलेली होती, आणि आजूबाजूला कणकेचा कण नव्हता.

शिंपी पाण्यात गुडघ्यावर बसला. त्याने माशीला बोट लावून पाहिले, मग ते बोट हुंगले. पुन्हा एकदा हुंगले. मग पिशवीकडे हात केला.

“माझ्या माशीवरचा मासा मी ठेवत नाही,” मी म्हणालो.

“मासा माहा हाय.”

“मासा तुझा आहे,” मी म्हणालो. ते खरे होते आणि काठी मीच दिली होती.

त्याने माशी काढली. काटा दाबलेला असल्यामुळे ती सहज निघाली. दोन्ही हातांत मासा पाण्याखाली धरून तो तसाच बसून राहिला, पिशवी काठावर उघडी. मग पाण्यात एक शेपटीचा फटका बसला आणि त्याचे हात रिकामे झाले. तो म्हणतो, मी सोडला. माझ्या डोळ्यांना तो निसटलेला दिसला. या एका बाबतीत मी त्याचे म्हणणे मान्य केले आहे आणि सर्वांना तेच सांगतो.

काठावरूनच त्याने चिटणिसाला फोन लावला. “साहेब, लिवून घ्या. महसीर याच्या त्या लाल ढेकनावर येते. म्या सोता धरला. हो, आजच. कणीक नाही, काही नाही, दोर म्या राखेनं घासला होता... जुना? जुन्याचं मले काय माहीत? तवा म्या पायलंच नाही. आता तेच सांगतो मी, पायलंच नाही.” मग फोन माझ्या हातात दिला.

चिटणीस म्हणाला, “काका, मंग जुन्या माशाचं काय लिहू? माशीवर लागला असं लिहून टाकू?”

मोह झाला. एक ‘हो’ म्हटले असते तर बावीस वर्षांचा मासा मला परत मिळाला असता. पण शिंप्याने न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष नाकारली होती, आणि त्याने तसे करण्यात मला चूक दिसत नव्हती. त्या माशाला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. तो माझ्या माशीवर लागला हे मला माहीत आहे. ते मी मरेपर्यंत सांगेन, पण छापील पानावर नाही.

“जुना मासा काढून टाका,” मी म्हणालो.

“काहून बे?” शिंपी बाजूने ओरडला. “त्याच्याच पायी तं तू मले इथवर आनलं!”

मी त्याला हाताने गप्प केले आणि चिटणिसाला सावकाश सांगितले: अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शिंप्याने, जो जन्मभर कणकेवर मासे धरत आला, कौंडण्यपूरला वर्धेच्या पाण्यात, सावरीच्या कापसाच्या आणि कोंबड्याच्या पिसाच्या लाल माशीवर महसीर धरला आणि सोडून दिला. माशी बांधणारा अमरावतीचा. ती बांधायला त्याला कोणी शिकवले नाही.

“इंजिनियर लिहू ना काका?”

“पट्टीवाचक लिहा,” मी म्हणालो. “आणि छापण्याआधी कागद मला दाखवा. मी स्वतः येऊन तपासणार आहे.”